डॉ. विमल मुंदडा : वैद्यकीय पेशाकडून आरोग्यमंत्रिपदाकडे

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या राजकारणात वकील, शिक्षक व सहकार क्षेत्रातील कार्यकर्त्यांप्रमाणे डॉक्टरांनीही स्थान मिळविले. डॉक्टर आरोग्यमंत्री झाला म्हणजे आरोग्याचे प्रश्न सुटतील, अशी अपेक्षा समाजात सहज निर्माण होते. ही अपेक्षा कितपत रास्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात डॉ. विमल मुंदडा यांच्या कारकिर्दीच्या आधारे केला आहे.

राजकीय वाटचाल :
बीड जिल्ह्यातील केज विधानसभा मतदारसंघ आजच्या देगलूरप्रमाणेच अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या मुंदडा तेथून १९९० व १९९५ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या, तर १९९९, २००४ व २००९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून विजयी झाल्या. पक्ष बदलला; मतदारांशी असलेला संबंध टिकला. २००४ मध्ये विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य खाते आले. डिसेंबर २००८ मध्ये अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाल्यावर त्या सार्वजनिक बांधकाम मंत्री झाल्या. मार्च २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

अधिकाराचे स्वरूप :
राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. तथापि महाराष्ट्रात हा कारभार विभागलेला आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय मुंदडांच्या मतदारसंघातच येते. परंतु ते वैद्यकीय शिक्षण खात्याच्या अखत्यारीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांचा दैनंदिन कारभार जिल्हा परिषदा पाहतात. २००६ मध्ये मराठवाड्यात चिकुनगुन्याची साथ पसरली, तेव्हाही गटारे व साचलेले पाणी यांची जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक स्वराज्य संस्थांकडे होती.

खरी कसोटी :
गर्भलिंगनिदानाच्या प्रश्नात ही मर्यादा अधिक तीव्रतेने जाणवते. महाराष्ट्राने १९८८ मध्येच याविषयी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला व २००३ मध्ये त्यात सुधारणा झाली. तरीही बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९३९, २००१ मध्ये ८९४ आणि २०११ मध्ये ८०७ अशी घसरत गेली. २०११ च्या गणनेतील बालके साधारणतः २००४ नंतर जन्मलेली होती. म्हणजे त्यांपैकी बरीच बालके या जिल्ह्यातीलच एक महिला डॉक्टर राज्याच्या आरोग्यमंत्री असताना जन्मली.

यावरून एका व्यक्तीवर दोषारोप करणे शास्त्रीय ठरणार नाही. सुधारित कायद्यानुसार आरोग्यमंत्री राज्य पर्यवेक्षण मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. मात्र सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी, तपासणी व न्यायालयात तक्रार ही कामे समुचित प्राधिकाऱ्यांची असतात. जिल्हा व तालुका पातळीवर हे अधिकारी बहुधा डॉक्टरच असतात आणि त्यांना कारवाईही आपल्याच व्यवसायबंधूंवर करावयाची असते. मुलगाच हवा हा कुटुंबाचा आग्रह तर कोणत्याही खात्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

समारोप :
डॉक्टर एका रुग्णावर उपचार करतो. मंत्र्याला यंत्रणा हलवावी लागते. वैद्यकीय पदवीमुळे रोगाची जाण येते, परंतु विभागलेली सत्ता, व्यावसायिक हितसंबंध आणि सामाजिक मानसिकता यांवर त्या पदवीची मात्रा चालत नाही. त्यामुळे मंत्र्याची पदवी कोणती, यापेक्षा त्याच्या हाती कोणते अधिकार आहेत आणि ते कोणाविरुद्ध वापरावे लागणार आहेत, हे प्रश्न अभ्यासकांनी प्रथम विचारावयास हवेत.