विश्लेषण : मुरुड एक, जिल्हे तीन… नकाशा ॲपमधला ‘शोध’ सोपा कसा होतो?

मोबाइलवरच्या नकाशात ‘मुरुड’ असे टाइप केले, तर नेमके कोणते मुरुड उघडावे? रायगड जिल्ह्यातले जंजिऱ्याजवळचे, रत्नागिरी जिल्ह्यातले दापोलीजवळचे, की लातूर जिल्ह्यातले? सहलीला निघालेल्या कुटुंबाने चुकीचे मुरुड निवडले तर दिवस वाया जातो. रुग्णाला घेऊन निघालेल्या गाडीने चुकीचे ठिकाण निवडले तर याहून बरेच काही जाऊ शकते. नकाशा ॲपमधली ती छोटीशी शोधपेटी दिसायला साधी असली, तरी तिच्यामागे भाषा, पत्ते, अंगठ्याची पोहोच आणि माणसांच्या सवयी यांचा बराच विचार असतो. किंवा असायला हवा.

शोधपेटीला इतके महत्त्व का?

भिंतीवरच्या कागदी नकाशावर नजर मोकळी फिरते. जिल्हा, तालुका, नदी असा माग काढत माणूस गावापर्यंत पोहोचतो. तळहाताएवढ्या पडद्यावर ते जमत नाही. संपूर्ण महाराष्ट्र दिसतो तेव्हा गाव दिसत नाही आणि गाव दिसते तेव्हा ते महाराष्ट्रात कुठे आहे, हे कळत नाही. त्यामुळे मोबाइलवर नकाशात शिरण्याचे मुख्य दार म्हणजे शोधपेटी.

शिवाय नकाशा कोणी निवांत बसून उघडत नाही. वापरणारा रस्त्याच्या कडेला उभा असतो, एका हातात पिशवी असते, डोक्यावर ऊन असते आणि नेटवर्क ये-जा करत असते. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी फोन वापरणाऱ्यांची हजारांहून अधिक निरीक्षणे नोंदवली. पडद्याला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हाताने हाताळत होते. शोधपेटी तयार करताना हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

पत्ता आणि शोध यांचे कुठे बिनसते?

आपल्याकडे पत्ता घर क्रमांक आणि रस्त्याच्या नावावर थांबत नाही. ‘मारुती मंदिरासमोर’, ‘पाण्याच्या टाकीमागे’, ‘जुन्या एसटी स्टँडजवळ’ हाच खरा पत्ता असतो. टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. त्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याला जाते. पण सहा आकडी पिन कोड टपाल वाटपाचा संपूर्ण भाग दाखवतो, घराचा दरवाजा नाही. दरवाजापर्यंत आजही ‘खूण’च नेते. ही सवय ओळखूनच गूगल मॅप्सने २००९ मध्ये भारतात मार्गदर्शन करताना ठळक खुणांचा उल्लेख सुरू केला.

मराठीत यात आणखी एक पेच आहे. इंग्रजीत ‘जवळ’, ‘समोर’ हे शब्द वेगळे लिहिले जातात. मराठीत ते नामाला चिकटतात आणि नामाचे रूपही बदलते. ‘दवाखाना’ असा शब्द साठवलेल्या यंत्रणेला ‘दवाखान्यासमोर’ हा वेगळाच शब्द वाटतो. म्हणून ‘समोर’ वेगळे काढायचे, ‘दवाखान्या’चे पुन्हा ‘दवाखाना’ करायचे आणि मग शोधायचे, हे काम यंत्रणेने स्वतः करावे लागते. ते केले नाही, तर माणसाला यंत्राची भाषा शिकावी लागते. शोध अवघड वाटतो, तो अनेकदा इथेच.

एका ठिकाणाची किती रूपे?

कराड आणि कऱ्हाड, वांद्रे आणि बांद्रा, भायखळा आणि बायकुला, खडकी आणि किरकी. शीव आणि सायन ही तर ऐकायला पूर्णपणे वेगळी नावे, पण ठिकाण एकच. त्यात अनेक जण मराठी नाव इंग्रजी लिपीत आपापल्या उच्चाराप्रमाणे टाइप करतात. काही वेळा डोळ्यांना सारखे दिसणारे अक्षरही संगणकाला वेगळे वाटते. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकच अक्षर म्हणून येऊ शकतो, ‘र’ला खाली नुक्ता जोडूनही येतो. काही कळफलक तो साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावून लिहितात. ही सगळी रूपे आधी एका साच्यात आणली नाहीत, तर अचूक टाइप करणाऱ्यालाही ‘काही सापडले नाही’ हे उत्तर मिळू शकते.

नामांतराचा मुद्दा वेगळा. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव २०२३ मध्ये झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये. एल्फिन्स्टन रोड स्थानक २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. व्हीटीचे अधिकृत नाव १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बदलले, तरी टॅक्सीत बसताना ‘व्हीटी’ म्हणणारे आजही भेटतात. चांगला शोध जुने नाव ओळखतो आणि नवे दाखवतो. जुने नाव टाइप करणाऱ्याला तो अडवत नाही.

चुकीचे टाइप केले तर दुरुस्ती कशी होते?

दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे, हे मोजण्याची पद्धत व्लादिमिर लेव्हनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ मध्ये मांडली. ‘परभनी’मधले एक अक्षर बदलले की ‘परभणी’ होते, म्हणजे दोन्ही शब्दांतले अंतर एक. अंतर जितके कमी, तितकी ती टंकनचूक असण्याची शक्यता जास्त. मराठीसाठी यात थोडी भर घालावी लागते. न-ण, ल-ळ, श-ष आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्या चुका सर्रास होतात, म्हणून त्यांना कमी ‘दंड’ ठेवणे योग्य ठरते.

मात्र लहान नावांच्या बाबतीत ही पद्धत धोक्याची आहे. ‘पेण’ आणि ‘पेठ’ यांच्यातही अंतर एकाच अक्षराचे. पण पेण रायगड जिल्ह्यात, तर पेठ नाशिक जिल्ह्यात. दोन्ही तालुक्याची ठिकाणे. अशा वेळी ॲपने गुपचूप दुरुस्ती केली तर प्रवासी थेट दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. म्हणून नियम सोपा आहे : अंदाज बांधावा, पण तो उघडपणे सांगावा. ‘पेठ, नाशिकसाठी निकाल दाखवत आहोत, पेण हवे असल्यास येथे दाबा’ एवढी एक ओळ पुरते.

टाइप करतानाच सूचना कशा येतात?

दोन-तीन अक्षरे टाइप केली की खाली नावांची यादी येते. त्यासाठी नावे आधीच आद्याक्षरांच्या क्रमाने झाडाच्या फांद्यांसारखी रचून ठेवलेली असतात. ‘को’ म्हटले की कोल्हापूर, कोपरगाव, कोरेगाव या फांद्या तेवढ्या उरतात. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांच्या मांडणीनुसार प्रतिसाद ०.१ सेकंदात आला तर तो तत्काळ वाटतो. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. त्यापुढे मात्र उशीर जाणवू लागतो. कमकुवत नेटवर्कवर हे साधण्यासाठी बरीच ॲप प्रत्येक अक्षरागणिक सर्व्हरला विचारत नाहीत. बोट क्षणभर थांबले की विचारतात. आधी शोधलेली ठिकाणे फोनमध्येच ठेवली, तर तीही लगेच दाखवता येतात.

पूर्ण नाव आठवून लिहिण्यापेक्षा समोर आलेले नाव ओळखणे सोपे असते. पण ओळखण्यासाठी पुरेशी माहिती लागते. पुण्यात बसून ‘कर्जत’ टाइप करणाऱ्याला रायगडमधले हवे की अहिल्यानगरमधले? क्रम लावताना शब्द किती जुळतो, ठिकाण किती जवळ आहे आणि ते किती प्रसिद्ध आहे, हे तीन निकष साधारणपणे वापरले जातात. ते एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात, म्हणून नुसत्या क्रमवारीवर भिस्त ठेवता येत नाही. प्रत्येक नावाखाली तालुका, जिल्हा आणि सध्याच्या जागेपासूनचे अंतर दाखवले, तर निवड माणसाच्या हाती राहते. ही बारीक अक्षरांतली दुसरी ओळ काढली की पडदा नेटका दिसतो, पण शोध अवघड होतो.

पडद्यावर काय, कुठे असावे?

शोधपेटी नकाशा उघडताच दिसायला हवी, मेनूत दडलेली नको. बोटाने दाबायची जागा किमान किती असावी, याचे प्रघात ठरलेले आहेत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती प्रत्यक्षात सुमारे नऊ मिलिमीटर असते. निकालांची यादी पडद्याच्या खालच्या भागातून वर सरकणारी असेल तर अंगठा सहज पोहोचतो आणि वर नकाशाही दिसत राहतो. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा रंगभेद किमान ४.५ : १ असावा, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. उन्हात उभ्या असलेल्या आणि चाळिशी लागलेल्या माणसाला याचा फरक लगेच कळतो.

काही गोष्टी टाइप करायला लावूच नयेत. दवाखाना, पेट्रोल पंप, एटीएम, शौचालय यांची बटणे पेटीखाली असावीत. माइकचे बटण ठळक असावे, कारण बोलता येणाऱ्या प्रत्येकाला टाइप करता येतेच असे नाही. नकाशा सरकवल्यावर निकाल आपोआप बदलले तर आधी पाहिलेले ठिकाण हरवते. त्यापेक्षा ‘या भागात शोधा’ असे बटण बरे. आणि एखादे ठिकाण उघडून मागे आल्यावर यादी जिथे सोडली तिथेच सापडावी.

काहीच सापडले नाही तर?

‘निकाल नाही’ एवढेच सांगून थांबणे म्हणजे वाटसरूला चौकात सोडून देणे. जवळची नावे सुचवणे, शेजारचे मोठे गाव दाखवणे, नकाशावर बोट दाबून ठेवून जागा निवडू देणे, असे मार्ग तिथेच हवेत. वाडी-वस्तीवरच्या, नाव नसलेल्या घरांसाठी सांकेतिक पत्ते उपयोगी पडतात. गूगलने खुल्या केलेल्या ‘प्लस कोड’चा दहा चिन्हांचा पत्ता सुमारे १४ मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. भारतीय टपाल विभागाने मे २०२५ मध्ये आणलेला, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या सहकार्याने तयार झालेला ‘डिजिपिन’ दहा चिन्हांत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनापर्यंत पोहोचतो. पण असा संकेत पाठ राहत नाही. तो पाठवायला चांगला, सांगायला अवघड. म्हणून शोधपेटीने तो स्वीकारावा, मात्र त्याची सक्ती करू नये.

सोपेपणा तपासायचा कसा?

कार्यालयातल्या वेगवान वायफायवर प्रत्येक ॲप सोपे वाटते. खरी परीक्षा रस्त्यावर होते. रिक्षाचालक, आजी, नव्या शहरात आलेला विद्यार्थी, घरोघरी सामान पोहोचवणारा मुलगा अशा मोजक्या लोकांना एखादे काम द्यावे आणि मध्ये न बोलता पाहावे. ठिकाण सापडायला किती वेळ लागला, शब्द किती वेळा बदलावा लागला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चुकीचे ठिकाण निवडून कोणी ‘सापडले’ म्हणाले का? ही शेवटची चूक वापराच्या आकडेवारीत यशस्वी शोध म्हणूनच नोंदली जाऊ शकते, म्हणून ती शोधणे कठीण असते.

तोपर्यंत वापरकर्त्याने काय करावे?

गावासोबत तालुका किंवा जिल्ह्याचे नाव टाइप करावे. ‘सुरू करा’ दाबण्याआधी अंतर आणि मार्गाची दिशा एकदा पाहावी. दोन तासांचा रस्ता आठ तासांचा दिसला तर गाव चुकले आहे. घाटात किंवा दुर्गम भागात जाण्याआधी तिथला नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. रुग्ण सोबत असेल तर दवाखाना त्या वेळी सुरू आहे का, हे फोन करून विचारावे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक वापरावा. रुग्णवाहिकेला घराचा पत्ता सांगताना मात्र जवळची ठळक खूण सांगायला विसरू नये. नकाशा कितीही हुशार झाला, तरी शेवटचे वळण अजूनही ‘मारुती मंदिरासमोर’च असते.