सागरतळाचा थांग

पावसाळ्यात वैनगंगेचे पात्र दुथडी भरून वाहू लागले, म्हणजे डोंगा हाकणारा नावाडी हातातील लांब बांबू वारंवार पाण्यात खुपसून पाहतो. बांबू कोठे टेकला आणि किती ओला होऊन वर आला, यावरून पाण्याची खोली त्याला तत्काळ कळते. वाळूचा उंचवटा कोठे आहे, खडक कोठे दडला आहे, डोह कोठून सुरू होतो, हे सारे बांबूच्या टोकाने त्याला सांगितलेले असते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या अरण्यांत बांबूला तोटा नाही. परंतु एखाद्या डोहात कितीही उंच बांबू घातला तरी तो तळाला टेकत नाही. अशा ठिकाणी थांग लागत नाही, असे म्हणतात.

मग ज्या सागराची सरासरी खोली सुमारे ३७०० मीटर आहे, त्याचा थांग कसा लावावयाचा? कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर १६४६ मीटर उंचीचे आहे. अशी दोन शिखरे एकावर एक रचून समुद्रात ठेवली, तरी तीही पाण्याखाली बुडून जातील.

जुन्या काळचे दर्यावर्दी दोरीला शिशाचे वजन बांधून ती समुद्रात सोडीत आणि दोन्ही हात पसरून ती वावांनी मोजीत. दोन्ही हात पसरले असता एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जे अंतर होते, तो एक वाव. किनाऱ्याजवळ ही रीत चांगली चाले; खोल समुद्रात मात्र ती फार जाचक होती. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' या इंग्रजी जहाजाने पृथ्वीप्रदक्षिणा करून ठिकठिकाणी अशी मोजणी केली. २३ मार्च १८७५ रोजी पश्चिम पॅसिफिक महासागरात त्याची दोरी ४४७५ वाव, म्हणजे आठ किलोमीटरांहून अधिक, खाली गेली. अशी एक दोरी सोडून पुन्हा वर ओढून घेण्यात कित्येक तास जात. शिवाय प्रवाहाने दोरी तिरपी होई. आणि वजन तळाला टेकले तरी दोरी स्वतःच्याच भाराने खाली जात राही, त्यामुळे खरी खोली किती हे ठरविणे अवघड होई.

इतके करूनही हाती येत ते तुटक ठिपकेच. समजा, एखाद्याने अंधाऱ्या रात्री आकाशातून चंद्रपुरास एक दोरी सोडली, भामरागडास दुसरी सोडली, आणि त्या दोन मापांच्या मध्ये सरळ रेघ ओढून नकाशा तयार केला. त्या नकाशात वैनगंगेचे खोरे दिसणार नाही, आणि पलीकडचे डोंगरही दिसणार नाहीत. सागरतळाचे जुने नकाशे बहुतांशी असेच होते. म्हणूनच महासागराचा तळ सपाट व गाळाने माखलेला असावा, अशी पुष्कळ विद्वानांची समजूत होती.

डोळ्यांनी पाहावे तर तेही शक्य नाही. सूर्याचा प्रकाश दोनशे मीटरांच्या खाली फारच क्षीण होतो आणि हजार मीटरांखाली निबिड अंधार असतो. रेडिओच्या लहरीही समुद्राच्या पाण्यात लवकर विरतात. ध्वनी मात्र पाण्यात दूरवर जातो. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. डोंगरासमोर उभे राहून हाक मारली की ती परत ऐकू येते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. किडे टिपणारी वटवाघळे तर अंधारात आपल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरूनच मार्ग काढतात. जहाजही तसेच करते. ते तळाकडे ध्वनी पाठविते आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत आला ते मोजते.

गणित अगदी सोपे आहे. समजा, प्रतिध्वनी ६ सेकंदांनी आला. सेकंदाला १५०० मीटर या वेगाने ध्वनीने ९००० मीटर प्रवास केला. परंतु हे अंतर जाण्यायेण्याचे झाले. म्हणून त्याच्या निम्मे, म्हणजे ४५०० मीटर, ही त्या ठिकाणची खोली. ज्या कामास पूर्वी कित्येक तास लागत, ते असे काही सेकंदांत होऊ लागले. या यंत्राला 'सोनार' म्हणतात. नाव ऐकून दागिने घडविणारा सोनार आठवेल, पण त्याचा येथे काही संबंध नाही. ध्वनीच्या साहाय्याने मार्ग व अंतर शोधणे, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांतील अक्षरे जोडून हे नाव बनले आहे.

१९१२ साली 'टायटॅनिक' जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यानंतर पाण्यातील प्रतिध्वनीचा उपयोग करण्याच्या प्रयत्नांना वेग आला. १९२५ ते १९२७ या काळात 'मेटेओर' या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिक महासागर पुनःपुन्हा ओलांडून ६७,००० हून अधिक ठिकाणांची खोली प्रतिध्वनीने मोजली. तळ सपाट असल्याची समजूत तेव्हा डळमळली. सागराच्या मधोमध खडबडीत पर्वतांची प्रचंड रांग पसरलेली आढळली.

पुढे १९५० नंतर मेरी थार्प या अमेरिकन भूवैज्ञानिक विदुषीने अशा हजारो मापांवरून नकाशे रेखाटण्यास आरंभ केला. संशोधनाच्या जहाजांवर त्या काळी स्त्रियांना जाऊ देत नसत. म्हणून तिचे सहकारी ब्रूस हीझेन समुद्रावरून मापे आणीत आणि ती प्रयोगशाळेत बसून त्यांचे चित्र उभे करी. त्या पर्वतरांगेच्या माथ्यावर एक लांबच लांब दरी आहे, हे तिच्या ध्यानी आले. हीझेन यांना ते प्रथम पटले नाही. पण मापे तिच्याच बाजूने साक्ष देत होती. सागराचा तळ तेथे दुभंगत असून नवा खडक वर येत आहे, ही गोष्ट समजण्यास त्या दरीने मोठे साहाय्य केले. सर्व महासागरांच्या तळाचा त्या दोघांचा नकाशा १९७७ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या देशात या विद्येची मोठी संस्था गोव्यात दोनापावल येथे आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे तिचे नाव असून तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. 'गवेषणी' हे तिचे पहिले संशोधनजहाज १९७६ साली कामास लागले. त्यानंतर १९८३ साली जर्मनीत बांधलेले, सुमारे शंभर मीटर लांबीचे 'सागरकन्या' हे जहाज भारताच्या सेवेत दाखल झाले. १९९० च्या सुमारास या जहाजावर बसविलेले सोनार विशेष प्रकारचे होते. आधीची यंत्रे जहाजाच्या थेट खाली एकच माप घेत, त्यामुळे मिळे ती एक रेघ. सागरकन्येवरील यंत्र एकाच वेळी ५९ निरनिराळ्या दिशांनी येणारे प्रतिध्वनी ओळखीत असे. जहाजाच्या डावी-उजवीकडे पंख्यासारखा पसरलेला हा झोत ९० अंशांचा होता, म्हणजे प्रत्येक बाजूस ४५ अंश. वहीत काटकोन त्रिकोण काढून पाहा. ४५ अंशांच्या अशा त्रिकोणात काटकोनाच्या दोन्ही भुजा समान असतात. म्हणून पाणी जितके खोल, तितक्याच रुंदीचा तळ प्रत्येक बाजूस मोजला जातो. पाणी ४००० मीटर खोल असेल, तर जहाजामागे ८ किलोमीटर रुंदीचा पट्टा मोजून होतो.

आता जहाज ताशी १८ किलोमीटर चालले, तर एका तासात १४४ चौरस किलोमीटर तळाचा नकाशा तयार होईल. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या आकाराचा सागरतळ जहाज १०० तासांत, म्हणजे चार दिवस आणि चार तासांत, मोजू शकेल. घनदाट अरण्यात साखळी घेऊन जमीन मोजणाऱ्यास या वेगाचा हेवा वाटावा! प्रत्यक्षात मात्र वेळ काहीसा अधिक लागतो. कारण छपरावरील कौलांच्या कडा जशा एकमेकींवर चढवाव्या लागतात, तसे हे पट्टेही शेजारच्या पट्ट्यावर थोडे चढवावे लागतात. किनाऱ्याकडे तर काम फारच मंदावते. तेथे पाणी १०० मीटर असले, तर पट्टा अवघा २०० मीटर रुंद होतो. खोल समुद्रापेक्षा उथळ समुद्र मोजणे अधिक कष्टाचे आहे, हे ऐकून नवल वाटेल. पण ते खरे आहे.

जहाज लाटांवर डुलत असते, हीदेखील मोठी अडचण होय. जहाज एक अंशाने कलले आणि ते हिशेबात धरले नाही, तर ४००० मीटर खोलीवर मापाची जागा सुमारे ७० मीटर चुकते. म्हणून जहाजाचा प्रत्येक हेलकावा दुसरे एक यंत्र टिपत राहते. त्याशिवाय पाण्याचे उष्ण व थंड थर असतात. पाण्यात बुडविलेली काठी जशी वाकडी दिसते, तसा या थरांतून जाताना ध्वनीचा मार्ग वाकतो. त्यामुळे अधूनमधून पाण्यात उपकरण सोडून निरनिराळ्या खोलीवरील तपमान व खारटपणा मोजावा लागतो, आणि त्यावरून ध्वनीचा खरा वेग ठरवावा लागतो. प्रतिध्वनी जोरकस आला की क्षीण, हेही पाहतात. कठीण खडकावरून तो जोराने परततो. मऊ चिखलात त्याचा बराच भाग मुरून जातो.

अशा शोधातून महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस, अरबी समुद्राच्या खोल पाण्यात, बुडालेल्या डोंगरांची एक ओळ नकाशावर आली. त्यांपैकी एकास चंद्रशेखर वेंकट रामन यांचे, दुसऱ्यास गोव्याच्या संस्थेचे पहिले संचालक पणिक्कर यांचे, तर सपाट माथ्याच्या तिसऱ्या डोंगरास भूवैज्ञानिक वाडिया यांचे नाव दिलेले आहे. २०२४ साली हिंदी महासागरातील आणखी तीन ठिकाणांना भारताने सुचविलेली अशोक, चंद्रगुप्त आणि कल्पतरू ही नावे मिळाली. जेथे कोणाचा पाय लागणे शक्य नाही, तेथे आपल्या ओळखीची नावे असावीत, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

हे नकाशे नसले, तर काय बिघडते? ८ जानेवारी २००५ रोजी 'सॅन फ्रान्सिस्को' ही अमेरिकेची पाणबुडी पॅसिफिक महासागरात वेगाने जात असता पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. त्यात एक खलाशी प्राणास मुकला आणि अनेक जखमी झाले. ते ज्या नकाशावर विसंबून होते, त्यात तो डोंगर दाखविलेला नव्हता. त्याच्या काही दिवस आधी, २६ डिसेंबर २००४ रोजी, सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामी लाटांनी अनेक देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला. आपल्या तामिळनाडूचा किनारा व अंदमान-निकोबार बेटेही त्यांत होरपळली. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. ४००० मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर धावते, तर १० मीटर पाण्यात ताशी सुमारे ३६ किलोमीटर. तळाची खोली ठाऊक असेल, तरच लाट कोणत्या गावी किती वाजता पोहोचेल हे आधी सांगता येते. हैदराबाद येथे २००७ साली सुरू झालेले इशारा-केंद्र याच हिशेबावर काम करते.

तळावर संपत्तीही आहे. २६ जानेवारी १९८१ रोजी गवेषणीने समुद्रतळावरून बटाट्याएवढे काळे गोळे प्रथम वर काढले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे व कोबाल्ट हे धातू असतात. हे गोळे इतके सावकाश वाढतात, की दहा लक्ष वर्षांत त्यांची जाडी अवघी काही मिलिमीटर होते. हिंदी महासागराच्या मध्यभागी, पाच किलोमीटर खोलीवर, ७५,००० चौरस किलोमीटरांचे क्षेत्र यांच्या शोधासाठी भारताकडे आहे. हे गोळे काढावेत की नाही, याविषयी जगात वाद चालू आहे. कारण त्या तळावर जीवसृष्टीही आहे. कोळशाच्या खाणी आणि वाघांचे अरण्य शेजारी शेजारी पाहणाऱ्या चंद्रपूरच्या मुलांना हा वाद समजावून सांगण्याची गरज नसावी.

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना व गडचांदूर या भागांत सिमेंटसाठी जो चुनखडक खणतात, तोही पुरातन सागराच्या पाण्याखाली साचलेल्या गाळाचा बनला आहे. तो साचला तेव्हा पृथ्वीवर शंखशिंपल्यांचे जीवसुद्धा जन्मास आले नव्हते. आजही वर्धा व वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते, आणि अरण्यांतून धुऊन आलेली माती गोदावरीच्या पाण्याबरोबर बंगालच्या उपसागराच्या तळाकडे जाते.

सर्व महासागरांचा तळ २०३० पर्यंत मोजून काढावा, असा संकल्प २०१७ साली अनेक राष्ट्रांतील शास्त्रज्ञांनी केला. त्या वेळी अवघा सहा टक्के तळ नीट मोजलेला होता. जून २०२५ पर्यंत हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले. उपग्रहांवरून तळाचा ढोबळ अंदाज मिळतो, पण त्यात लहान डोंगर निसटतात. हिंदी महासागराचे क्षेत्रफळ सुमारे ७ कोटी चौरस किलोमीटर आहे. वर सांगितलेल्या वेगाने एकच जहाज रात्रंदिवस न थांबता चालले, तरी एवढा तळ मोजण्यास त्यास पंचावन्न वर्षे लागतील. म्हणून आता मालवाहू जहाजे व मासेमारीच्या नौकाही जाता-येता घेतलेली मापे या कामासाठी देऊ लागल्या आहेत.