पैसे कोणाला दिले, यावर ते कंत्राट ठरत नाही

अमेरिकी विद्यापीठांत संशोधनाचं अंदाजपत्रक आखताना एक समज घट्ट बसलेला असतो: पैसा दुसऱ्या विद्यापीठाकडे गेला तर ते उप-अनुदान, कंपनीकडे गेला तर कंत्राट. संघीय अनुदानांची नियमावली असं कुठेच म्हणत नाही. ‘२ सीएफआर २००’ या नियमावलीतलं कलम ३३१ घेणाऱ्याची जात पाहत नाही. त्या पैशातून तो काय करणार, एवढंच पाहतं. रक्ताचे नमुने जनुकक्रम वाचायला शेजारच्या विद्यापीठाच्या केंद्रात पाठवले आणि त्या केंद्राने सगळ्यांना लावतो त्याच दरपत्रकाने बिल पाठवलं, तर ते विद्यापीठ त्या कामापुरतं कंत्राटदारच. पण तिथल्याच प्राध्यापिका कोणते रुग्ण अभ्यासात घ्यायचे हे ठरवत असतील, विश्लेषणाची दिशा आखत असतील, उद्दिष्टं गाठली की नाही याचा जाब त्यांना द्यावा लागत असेल, तर ते उप-अनुदान. एकाच प्रकल्पात एकच संस्था दोन्ही भूमिकांत असू शकते. पीएच.डी. असलेला संख्याशास्त्रज्ञ तासावर मानधन घेऊन सल्ला देतो, तोही बहुधा कंत्राटदारच. विद्वत्ता ही इथली कसोटी नव्हे. आणि ‘व्हेंडर’ हा काही तिसरा वर्ग नाही. लेखापरीक्षणाच्या जुन्या ए-१३३ परिपत्रकात तो शब्द होता, डिसेंबर २०१४पासून लागू झालेल्या नियमांत त्याच्या जागी ‘कंत्राटदार’ आला, इतकंच.

कंत्राट म्हटलं की काम स्वस्तात आणि कमी कटकटीत होतं, हा दुसरा समज. कटकट थोडी कमी होते खरी, पण पैशाचा हिशेब उलटा आहे. विद्यापीठ आपला ओव्हरहेड (अप्रत्यक्ष खर्चाचा आकार) उप-अनुदानाच्या फक्त पहिल्या ५० हजार डॉलरवर लावू शकतं (१ ऑक्टोबर २०२४पूर्वी ही मर्यादा २५ हजार होती). सेवेच्या कंत्राटावर मात्र तो पूर्ण रकमेवर लागतो. दर ५० टक्के आणि काम २ लाख डॉलरचं धरा. उप-अनुदान असेल तर ओव्हरहेड २५ हजार, कंत्राट असेल तर १ लाख. म्हणजे खऱ्या भागीदाराला कंत्राटदार ठरवलं की विद्यापीठाने सरकारकडून ७५ हजार डॉलर जास्तीचे घेतलेले असतात. उलट चूकही निरुपद्रवी नाही. साध्या पुरवठादाराला उप-अनुदान दिलं तर स्पर्धात्मक खरेदीची प्रक्रिया टळते आणि देखरेखीचा, जोखीम तपासण्याचा भार विनाकारण वाढतो. शिवाय उप-अनुदानावर नफा घेता येत नाही. नफ्यावर चालणाऱ्या पुरवठादाराला ते परवडायचं कसं?

यावर आक्षेप येतो की कसोट्याच सैल आहेत. आहेतच. सगळी लक्षणं प्रत्येक वेळी जुळणार नाहीत, तारतम्य वापरा, आणि कराराच्या रूपापेक्षा नात्याचा आशय महत्त्वाचा माना, असं नियमच सांगतो. मग रकमेची किंवा संस्थेच्या प्रकाराची सरळ रेघ का मारली नाही? कारण रकमेची रेघ बिलाचे दोन तुकडे करून चुकवता येते, आणि संस्थेच्या प्रकाराची रेघ त्या जनुकक्रम केंद्रालाच संशोधक ठरवेल. तारतम्याची किंमत एवढीच की निर्णय कशावरून घेतला हे अंदाजपत्रक करतानाच लिहून ठेवावं लागतं. बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी तपासयादी असते. ती करार झाल्यावर भरली तर तिला फारसा अर्थ उरत नाही.

१ मे २०२५ रोजी एनआयएचने (अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने) जाहीर केलं की नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी संस्थेला उप-अनुदान असलेली अनुदानं दिली जाणार नाहीत. अमेरिकी विद्यापीठांसोबत काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या संस्थांनाही यातून हा प्रश्न येऊन भिडतो. काम तेच ठेवून करारावर ‘सेवा’ असं लिहायचा मोह अशा वेळी समजण्यासारखा आहे. पण अभ्यासाची रचना पुण्यात ठरत असेल, तर कराराच्या मथळ्याने लेखापरीक्षकाचं समाधान होणार नाही. तो कामाचं वर्णन वाचेल. खर्च अमान्य झाला, तर सरकारला पैसे परत करण्याची जबाबदारी मूळ अनुदान घेणाऱ्या अमेरिकी विद्यापीठावर येते.