लहान क्रियापदें, मोठे अर्थ

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसास लॅटिन वळणाच्या भारदस्त शब्दांची अडचण फार दिवस जाणवत नाहीं. ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’ हे शब्द एकदां कोशांत पाहिले कीं त्यांचा अर्थ बहुधा स्थिर राहतो. खरी फसगत होते ती ‘पुट’, ‘टेक’, ‘मेक’, ‘लुक’ या, पहिल्या पुस्तकांतच भेटलेल्या, क्रियापदांपाशीं. त्यांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ असें एखादें अव्यय जोडलें गेलें, कीं ओळखीचें क्रियापद एकदम परकें होतें.

‘पुट’ म्हणजे ठेवणें. परंतु ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें आणि ‘पुट आउट’ म्हणजे दिवा किंवा आग विझविणें. पाहुण्याला ‘पुट अप’ करणें म्हणजे त्याच्या राहण्याची सोय करणें. त्यालाच ‘पुट अप विथ’ करणें म्हणजे तो जाईपर्यंत त्याला निमूटपणें सोसणें! ‘टेक इन’चेंही तसेंच. वाटसरूला आसरा देणें हा त्याचा एक अर्थ, तर भोळ्या माणसाला फसविणें हा दुसरा. ‘मेक अप’ तर गोष्ट रचण्याला, भांडण मिटविण्याला, नुकसान भरून काढण्याला आणि चेहरा रंगविण्याला सारखेंच चालतें.

अशी चूक नेहमींच हंसण्यावारी नेण्यासारखी नसते. ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजरेखालून घालणें, आणि ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेंतून निसटूं देणें. हिशेब तपासला असें लिहूं पाहणाऱ्या कारकुनानें येथें शब्दांची अदलाबदल केली, तर हिशेबाकडे दुर्लक्ष केल्याचा कबुलीजबाब त्याच्याच सहीनें वरिष्ठांकडे जावयाचा.

या द्विधेचें मूळ इतिहासांत आहे. 1066 सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्याय आणि विद्या यांत फ्रेंच व लॅटिन शब्दांचा भरणा झाला; घरांत व शेतांत मात्र जुनी बोली टिकून राहिली. म्हणून एकाच अर्थाचे दोन शब्द, एक सभेंतला व एक ओसरीवरचा, आजही शेजारीं शेजारीं नांदतात. परकीयांना सर्वांत कठीण जाणारा हा भाग आहे, हें डॉ. जॉन्सन यांनीं 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंतच नमूद केलें होतें. 1930 सालीं ऑग्डेन यांनीं अवघ्या 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. तींत क्रियापदें केवळ 18 ठेवतां आलीं, तीं याच जोडणीच्या बळावर. शब्दांची संख्या घटली खरी. पण जोडीजोडीचा निराळा अर्थ लक्षांत ठेवण्याचें ओझें शिकणाऱ्याच्या माथीं आलें.

मराठी माणसानें याबद्दल इंग्रजीला फार दोष देऊं नये. मार खाणारा, लाच खाणारा, भाव खाणारा आणि दुसऱ्याचें डोकें खाणारा, यांपैकीं एकाच्याही ताटांत अन्न नसतें. मराठी क्रियापदाआधींचें नाम बदलते, इंग्रजी त्यामागचें अव्यय बदलते, एवढाच काय तो भेद.

दोन खुणा उपयोगीं पडतात. ‘पुट ऑफ’सारख्या जोडींत सर्वनाम मध्येंच बसतें, ‘पुट इट ऑफ’ म्हणावें, ‘पुट ऑफ इट’ कधींही नव्हे. उलट ‘लुक आफ्टर’, म्हणजे सांभाळ करणें, ही जोडी फुटत नाहीं. तेथें ‘लुक आफ्टर हिम’ असेंच म्हणावें लागतें. दुसरी खूण कानाची. ‘पुट इट ऑफ’ म्हणतांना आघात ‘ऑफ’वर पडतो.

याद्या पाठ करून ही विद्या साधत नाहीं. ‘लाच खाणें’ याचा अर्थ कोणाही मराठी मुलानें कोशांत पाहिलेला नसतो. तो त्यानें मोठ्यांच्या बोलण्यांत ऐकलेला असतो. इंग्रजी जोडीही तशीच, सबंध वाक्यासह कानांवाटे मनांत उतरली, म्हणजे ऐन वेळीं दगा देत नाहीं.