वाट ठरवणारा वेगळा, दार उघडणारा वेगळा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

देवळाली प्रवरा आणि आसपासच्या गावांना पाटपाणी नवे नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यावर येते आणि तिथून कालव्यांत वळते. आवर्तन सुटण्याआधी शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतात. अर्ज, पिके आणि साठा पाहून कार्यालयात शेजपाळी ठरते : कोणत्या चारीवर, कोणाला, किती वेळ पाणी. पाटकरी तो तक्ता घेऊन निघतो आणि दारे उघडतो. दर दाराशी थांबून तोच धरणाचा हिशेब मांडू लागला, तर पाणी पुढे सरकणारच नाही.

इंटरनेटच्या जाळ्यातला राऊटर असाच चालतो. आपण पाठवलेला फोटो लहान लहान पाकिटांत विभागून जातो आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. राऊटरचा एक विभाग शेजारच्या राऊटरांशी बोलून कोणती वाट चालू, कोणती बंद याचा तक्ता बनवतो. दुसरा फक्त पत्ता वाचतो, तक्ता पाहतो आणि पाकीट पुढे सोडतो. मोठ्या राऊटरमध्ये सेकंदाला कोट्यवधी पाकिटे येतात, तिथे विचाराला सवड नसते.

पूर्वी बऱ्याच राऊटरांत ही दोन्ही कामे एकाच प्रोसेसरवर पडत. वाटा सारख्या बदलू लागल्या की तो हिशेबात अडके आणि पाकिटे गळत. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या प्रदीप सिंधू यांनी १९९६ मध्ये उभारलेल्या ज्युनिपर कंपनीने १९९८ साली एम-४० हा राऊटर आणला. त्यात दोन्ही विभाग स्वतंत्र होते आणि पाकिटे पुढे सारायला खास चिप होत्या. अशा रचनेत, तशी सोय केलेली असेल तर, हिशेबाचा विभाग बंद करून पुन्हा सुरू केला तरी जुन्या तक्त्यावर वाहतूक काही काळ चालू राहते. साहेब रजेवर गेले म्हणून सुटलेले आवर्तन थांबत नाही, तसेच हे.

पण यात एक धोका आहे. तक्ता चुकीचा वाटला तर पाटकरी निदान विचारील. चिप विचारत नाही. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तिथल्या दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी वाट जाहीर केली. ती देशाबाहेर पसरली, इतरांच्या तक्त्यांत शिरली आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब सुमारे दोन तास मिळेनासे झाले. एकही यंत्र बिघडले नव्हते. प्रत्येकाने आज्ञा चोख पाळली होती. म्हणून आता ‘हा पत्ता खरोखर याचाच’ हे डिजिटल सहीने पडताळण्याची पद्धत रुजत आहे.

‘राऊटरचे दिवे लागलेत, मग नेट का नाही?’ असे दुकानदार मला नेहमी विचारतात. माझे उत्तर एवढेच, की दिवा तार जिवंत असल्याचे सांगतो, पुढची वाट बरोबर असल्याचे नव्हे. तेव्हा तक्रार करताना दिव्यांबरोबरच कोणत्या साइट उघडतात आणि कोणत्या नाहीत, तेही सांगा. दोष तारेत आहे की तक्त्यात, हे शोधणे त्याने सोपे होते.