दहावीनंतरची दोन वर्षं



दहावीचा निकाल लागला की बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं, "एक वर्ष राहू दे पोरीला घरी, मग बघू." पण त्या एका वर्षात खुरपणी येते, धाकट्या भावंडांचं बघणं येतं, मग स्थळं येतात. कॉलेज राहूनच जातं. म्हणून आज अकरावी-बारावीबद्दल बोलू.

आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलीचं नाव काढायचं ठरवलं होतं. कारण काय, तर तालुक्याला रोज जायचं एसटीचं भाडं. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चूक आमचीही होती. माहितीचा कागद आमच्या फायलीत होता, बैठकीत वाचलाच नव्हता. आता दर जूनमध्ये वाचतो.

शाखा निवडताना शेजारणीच्या मुलीकडे बघू नका. डॉक्टर, इंजिनिअर, फार्मसी करायचं तर सायन्स लागतं. नर्सिंगच्या एएनएम, जीएनएमला आर्ट्सची मुलगीही चालते, मात्र इंग्रजी हवं. पुढे पदवी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी बारावी पास लागतं.

दहावीत 1-2 विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. बारावीत विषय राहिला तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. शाळा मध्येच सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. नापास म्हणजे संपलं, असं नाही.

आणखी एक काम अकरावीतच सुरू करा, ते म्हणजे जात पडताळणीचं. राखीव जागेवर इंजिनिअरिंग, नर्सिंगसारख्या शिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर हे प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला महिनोन् महिने जातात. वडिलांचे, आजोबांचे शाळेचे जुने दाखले शोधून ठेवा. चुलत्यांच्या घरीही विचारा. निकालानंतर धावाधाव केली तर मार्क असूनही जागा हातची जाते.

या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एवढंच विचारा, कुणाची मुलगी दहावीनंतर घरी बसली आहे? नाव पुढे आलं, तर दोघी-तिघींनी तिच्या घरी चहाला जाऊन या. एकट्या आईचं घरात चालत नाही, पण गट दारात आला की घरचे ऐकून घेतात.