नवी गाडी ट्रॅकवर न्यायची? आधी पहिले दीड हजार किलोमीटर नीट काढा

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा ज्यांच्याकडे मोसम खोऱ्यातलं नेटवर्क ऐन वेळी दगा देतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जे इकडे-तिकडे झालं होतं, ते लिहिताना थोडं सरळ केलंय.

या वेळचा प्रश्न एका श्रोत्याचा. दीडशे पीएसची टर्बो सेडान घेतलीय, डिलिव्हरी झालीय, आणि तीन आठवड्यांनी कोईम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे आहे. त्यांचा हिशोब असा : नामपूर ते कोईम्बतूर जवळपास दीड हजार किलोमीटर. कंपनी म्हणते दीड हजारापर्यंत सांभाळून चालवा. मग जाता-जाताच रनिंग-इन होऊन जाईल, बरोबर ना?

हिशोब आकड्यांत बसतो, पण इंजिनात बसत नाही. का, ते आज बघू.

रनिंग-इन म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे जुनी माणसं अजून सांगतात, "नवी गाडी पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नको." त्या काळी ते बरोबर होतं. तेव्हाचं मशीनिंग एवढं बारीक नव्हतं आणि ऑइलही आजच्यासारखं नव्हतं. आज कारखान्यातून इंजिन बरंच तयार होऊन येतं. पण 'बरंच' म्हणजे 'पूर्ण' नव्हे.

सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मारलेल्या असतात. बोअरिंगच्या दुकानात याला होनिंग म्हणतात. त्या रेघांत ऑइल टिकतं. रेघांची जी टोकं वर आलेली असतात, ती पिस्टन रिंगने सुरुवातीच्या काळात घासून सपाट व्हायची असतात. म्हणजे रिंग आणि भिंत एकमेकांच्या मापाची होतात आणि कॉम्प्रेशन नीट पकडलं जातं.

आता गंमत बघा. रिंग भिंतीवर दाबली जाते ती फक्त तिच्या स्वतःच्या ताणाने नाही. पेट्रोल पेटल्यावर जो गॅसचा दाब तयार होतो, तो रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर लोड असेल तर हा दाब चांगला मिळतो. गाडी नुसती कुरवाळत चालवली तर मिळत नाही. मग ती टोकं तशीच राहतात, भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर धरतो, आणि पुढे ते इंजिन आयुष्यभर थोडं-थोडं ऑइल खात राहतं. मेकॅनिक याला ग्लेझिंग म्हणतात. उलट बाजूने, पहिल्याच दिवशी रेडलाइनला नेलं तर ती टोकं हळूहळू सपाट व्हायच्या ऐवजी उष्णतेने खरवडली जातात.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. गोऱ्हा पहिल्यांदा औताला धरतो तेव्हा त्याला कोणी नांगराला जुंपत नाही. पण म्हणून वर्षभर गोठ्यातही बांधून ठेवत नाही. हलकं काम देतो, थांबवतो, परत देतो. इंजिनाचंही तसंच आहे.

मग हायवेचे दीड हजार का चालत नाहीत?

कारण हायवेवर काम एकसुरी असतं. पुण्याहून बंगळुरूला निघालात, क्रूझ कंट्रोल शंभरवर लावला, टॉप गिअर, दोन हजाराच्या आसपास आरपीएम, आणि तासन्‌तास तेच. लोड कमी आणि तोही न बदलणारा. रिंगला हवं असतं ते बदलतं काम : कधी चढ, कधी उतार, कधी खेचणं, कधी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गिअरमध्ये उतरणं. पाय सोडला की सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो आणि भिंतीवर थोडं ऑइल वर ओढलं जातं. घासणं आणि वंगण, असं आळीपाळीने चालतं.

त्यासाठी आपला भाग उत्तम आहे. माझा सल्ला : पहिले हजार किलोमीटर इथेच काढा. नामपूर, सटाणा, ताहाराबाद, तिथून सेलबारीचा घाट चढून पिंपळनेर आणि परत. चढ आहे, वळणं आहेत, गावं आहेत, म्हणजे वेग आपोआप बदलता राहतो.

कंपन्या काय सांगतात तेही बघा. फोक्सवॅगनच्या पुस्तिकेत पहिल्या १,००० किलोमीटरपर्यंत फुल थ्रॉटल नाही आणि कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशाच्या वर जायचं नाही, असं असतं. म्हणजे रेडलाइन साडेसहा हजार असेल तर सव्वाचार हजाराच्या आसपास थांबायचं. मग १,००० ते १,५०० मध्ये हळूहळू वाढवायचं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २,००० किलोमीटरला खास रनिंग-इन सर्व्हिस असते. तिच्यात इंजिन ऑइल आणि डिफरन्शिअलचं ऑइलही बदलतात. पोर्शे तर पहिले ३,००० किलोमीटर ४,००० आरपीएमच्या आत ठेवायला सांगते. आकडे वेगळे आहेत, कारण इंजिनं वेगळी आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच तुमच्यासाठी खरं. शेजाऱ्याचं नाही, माझंही नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. थंड इंजिनाला खेचू नका. पाण्याचं तापमान काट्यावर लवकर वर येतं, ऑइल त्याच्या मागून तापतं. पहिली दहा मिनिटं शांतपणे चालवा.

पहिलं ऑइल लवकर बदलावं का?

नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना होते, हे इथे पोरालाही माहीत आहे. कारण सुरुवातीच्या घासण्यातून निघालेली बारीक धातूची कणी ऑइलमध्ये येते. फिल्टर बरीचशी पकडतो, सगळी नाही. रोजच्या वापराच्या गाडीला कंपनीच्या वेळापत्रकानुसार ऑइल बदललं तरी पुरतं. पण ट्रॅकवर जायचं असेल तर मी हजार-दीड हजाराला ऑइल आणि फिल्टर बदलून घेईन. खर्च काही हजारांचा, आणि मन निर्धास्त. ग्रेड मात्र कंपनीने सांगितलेलाच घाला आणि बिल जपून ठेवा.

खरा धोका इंजिनात नाही, ब्रेकमध्ये आहे

रनिंग-इन म्हटलं की सगळे इंजिनाचंच बोलतात. इंजिन बिघडलं तर पैसे जातात. ब्रेक गेले तर काय जातं, ते सांगायची गरज नाही.

साधं गणित करू. तेराशे किलोची गाडी १५० वरून ६० वर आणायची, तर ब्रेकला साधारण ९५० किलोज्यूल उष्णता झेलावी लागते. तेवढ्यात तीन लिटर पाणी उकळीला येतं. गावात ६० वरून पूर्ण थांबताना जेवढी उष्णता होते, त्याच्या ही पाचपट. आणि ट्रॅकवर असं ब्रेकिंग एकदा नाही, प्रत्येक लॅपला अनेकदा होतं, आणि थंड व्हायला मध्ये जेमतेम काही सेकंद मिळतात.

नवे पॅड आणि नवी डिस्क यांची ओळख व्हावी लागते. पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की पकड पूर्ण मिळते. याला बेडिंग म्हणतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर साधं, हलकं ब्रेकिंग करा. मग पहाटे, मोकळा सरळ रस्ता बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबायचं नाही. शेवटी दहा मिनिटं ब्रेक जवळपास न लावता गाडी चालवा, म्हणजे वारा लागून डिस्क थंड होते. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग मार्केटला निघालेली असताना हा प्रयोग करू नका, हे वेगळं सांगत नाही.

तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवली, तर पॅडचा माल एकाच जागी डिस्कला चिकटतो आणि पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात, "डिस्क वाकडी झाली." बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, थर उंचसखल झालेला असतो. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला आडोसा लावतात, तो याचसाठी.

दुसरी गोष्ट ब्रेक फ्लुइड. हे हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ फ्लुइड ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. फ्लुइड उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ खाली जातं. नवी गाडी म्हणून फ्लुइड ताजंच असेल असं धरू नका. गाडी यार्डात किती महिने उभी होती कोणास ठाऊक! ट्रॅकच्या आधी बदलून घ्या.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. इंजिन नाही म्हणून रनिंग-इन नाही, असं नसतं. उलट रीजनरेशनमुळे खरे ब्रेक कमीच लागतात, त्यामुळे हजार किलोमीटर झाले तरी पॅड कोरेच राहू शकतात.

टायर, नट आणि कागद

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या पदार्थाचा अंश असतो. पहिले काहीशे किलोमीटर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, पकड कमी मिळते. ट्रॅकवर टायर तापला की हवेचा दाब वाढतो, म्हणून प्रत्येक सेशननंतर दाब बघून जास्तीची हवा काढा. परतीच्या प्रवासाआधी टायर थंड झाल्यावर पुन्हा भरायला विसरू नका. चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. शेवटचा लॅप सावकाश मारा, म्हणजे ब्रेक आणि टर्बो दोन्ही थंड होतात. आल्या-आल्या इंजिन बंद केलं तर टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल करपतं.

आणि कागद. आपल्या खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे वापर त्यात वगळलेले असतात. ट्रॅक डे शर्यत नसतो हे खरं, पण भिंतीला गाडी लागल्यावर हा वाद घालत बसण्यापेक्षा आधीच विमा कंपनीला लेखी विचारा. वॉरंटीची पुस्तिकाही वाचा.

तर श्रोत्याला माझं उत्तर

तीन आठवडे पुरेसे आहेत, पण क्रम बदला. पहिले दोन आठवडे इथल्याच रस्त्यांवर हजार-बाराशे किलोमीटर, बदलत्या लोडवर. त्यातच ब्रेक बेडिंग. मग ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, अलाइनमेंट. त्यानंतर कोईम्बतूरचा प्रवास, तोही एकसारखा वेग न ठेवता. तिथे पोचल्यावर ऑइलची पट्टी आणि पॅडची जाडी बघा. पहिला सेशन सत्तर टक्क्यांनी चालवा. करी स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे, छोटा आणि वळणांचा, म्हणजे ब्रेकला विश्रांती कमी.

आणि एवढं जमलं नाही, बाराशे झालेच नाहीत, तर ती तारीख सोडून द्या. ट्रॅक डे पुन्हा येतो. भरलेली फी बुडाली तर बुडू दे, ती इंजिन आणि ब्रेकपेक्षा स्वस्तच पडते.

पुढच्या भागात ट्रॅकसाठी हेल्मेट कसं निवडायचं ते बोलू. दुचाकीचं हेल्मेट चालतं का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत रनिंग-इनचं काय लिहिलंय, ते फोटो काढून पाठवा. वाचून बघू.